मदत हवी आहे: वडिलांच्या डिस्चार्ज बुकात १९७१ची मेडलं चढलेलीच नाहीत

घाटवाट:

नमस्कार मंडळी. फौजेतले किंवा फौजी घरातले कुणी इथं असाल तर जरा सांगा.

माझे वडील (आम्ही आप्पा म्हणतो) १९६६ला पायदळात शिपाई म्हणून भरती झाले आणि १९८३ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. एकाहत्तरच्या लढाईत त्यांची पलटण पूर्वेला होती. हिली, बोगरा ही नावं आम्ही शाळेत जायच्या आधीपासून ऐकतोय. 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही त्या लढाईची दोन्ही मेडलं घरात आहेत, फ्रेममध्ये नाहीत, कपाटातल्या डब्यात आहेत. पण डिस्चार्ज बुकात (घरी येताना मिळतं ते नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) मेडलच्या पानावर दोनच नोंदी सापडतात. एक सैन्य सेवा मेडल, जम्मू काश्मीरच्या क्लॅस्पसह (रिबिनीवरची नावाची पट्टी). दुसरी पंचविसाव्या स्वातंत्र्य जयंतीची. एकाहत्तरचं एक अक्षर नाही.

इतकी वर्षं कुणी ते पान नीट पाहिलंच नव्हतं. २०२१ला लढाईला पन्नास वर्षं झाली तेव्हा आमच्याकडे माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता. आप्पा मेडलं लावून गेले. टेबलावरच्या पोरानं पुस्तक चाळलं आणि म्हणाला, "काका, ह्यात एकाहत्तर कुठाय?" आप्पांनी वाद घातला नाही, मागं जाऊन बसले. परवा दुसरं काहीतरी शोधताना ते पुस्तक पुन्हा हातात आलं आणि त्यांनीच विषय काढला, म्हणून हा धागा.

अडचणी अशा आहेत. बाहत्तरच्या सुरुवातीला आप्पांची बदली त्याच रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत झाली. स्टारच्या पाठीवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलंय, नंबर बरोब्बर आहे, पण आडनावाच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यूच्या जागी व्ही पडलाय. रेकॉर्ड ऑफिसला (जवानांचे कागद सांभाळणारं रेजिमेंटचं ऑफिस) मागं पत्र टाकलं होतं, त्यावर एका ओळीचं उत्तर आलं की पुस्तकातल्या नोंदी रेकॉर्डप्रमाणेच आहेत. कुठलं रेकॉर्ड ऑफिस ते मुद्दाम लिहीत नाही.

आता मूळ पुस्तक पाठवायचं का? माहितीचा अधिकार मी मुलगा म्हणून वापरू शकतो का? आणि त्या स्पेलिंगचं काय करायचं?

मी आपला:

विचारतो म्हणून राग मानू नका, पण नोंद झाली तर पेन्शन वाढते का? नसेल तर ह्या वयात वडिलांना कशाला दगदग?

घाटवाट:

नाही हो, एक पैसा वाढत नाही. शौर्यपदकाला भत्ता असतो. ही लढाईत हजर असल्याची मेडलं, त्यांना काही मिळत नाही. पण आप्पांना पाहिजे म्हणून पाहिजे. पळापळ मीच करतोय, त्यांना फक्त सही करायची आहे.

जुना सुभेदार:

जय हिंद. मी पलटणीत हेड क्लार्क होतो, हे कागद हातून गेलेत. सगळ्यात आधी सांगतो, त्या पानावर पेनानं काहीही लिहू नका, गावातल्या कुणाकडून लिहून घेऊ नका. लोक "मेडल आहेच की घरात" म्हणून स्वतःच नोंद चढवतात आणि मग खऱ्या नोंदीही संशयात येतात. रेकॉर्डच्या शिक्क्याशिवाय आणि अधिकाऱ्याच्या सहीशिवाय त्या पुस्तकातल्या अक्षराला किंमत नाही.

डिस्चार्ज बुक ही नक्कल असते. मूळ कागद म्हणजे शीट रोल, तो रेकॉर्डकडे. आणि शीट रोलवर काहीही चढतं ते पार्ट टू ऑर्डरवरून. जवानाचं लग्न, मूल, बदली, कोर्स, शिक्षा, मेडल, जे घडेल ते पलटण पार्ट टू ऑर्डरनं छापते, प्रत रेकॉर्डला जाते, तिथला क्लार्क ती शीट रोलवर उतरवतो. माणूस घरी निघाला की शीट रोलवरून पुस्तक भरतात. म्हणजे धागा चार ठिकाणी तुटू शकतो: पलटणीनं ऑर्डर काढलीच नाही, काढली पण रेकॉर्डला पोचली नाही, पोचली पण चढली नाही, किंवा शीट रोलवर आहे आणि पुस्तक भरणाऱ्यानं वगळली.

तुमच्या वडिलांची बदली बाहत्तरमध्ये झालीय, तिथंच मला शंका येते. मेडलं लढाई संपल्या दिवशी वाटत नाहीत. हक्कदारांच्या याद्या नंतर बनतात. माणूस जुन्या पलटणीच्या यादीत, त्याचे कागद नव्या पलटणीत. मेडल माणसाच्या मागं गेलं, ऑर्डर गेली नसेल. असं मी पाहिलंय.

तुमच्या पत्राला आलेलं उत्तरही त्यामुळंच तसं आलंय. तुम्ही "पुस्तकात नोंद नाही, करा" असं लिहिलं असणार. क्लार्कनं पुस्तकाची ऑफिस कॉपी काढली, जुळवली, उत्तर टाकलं. पत्रात विचारायचं ते शीट रोलच्या मेडलच्या रकान्याबद्दल. तिथंही नसेल तर जुन्या पलटणीच्या पार्ट टू ऑर्डर आणि मेडलच्या याद्या तपासा, असं स्पष्ट लिहा, आणि दोन्ही पलटणींची नावं आणि बदलीची तारीख द्या.

अजून एक. १९६६ ते १९८३ म्हणजे सतरा वर्षं. मग ९ वर्षं दीर्घ सेवा मेडल कुठाय? तेही पुस्तकात दिसत नाही. शिक्षा वगैरे नसेल तर ते मिळायला हवं होतं. विसाव्या वर्षाचं नाही बसत. एकाच अर्जात घाला, पुन्हा पुन्हा पत्रं नकोत.

घाटवाट:

सुभेदार साहेब, दंडवत! नऊ वर्षांच्या मेडलबद्दल आप्पांना आत्ता विचारलं. "मिळालं होतं की," म्हणाले, "तुझ्या आत्याच्या घरी राहिलं असंल." आता आत्याच्या घरी पोतं उपसणं आलं.

मी आपला:

बरं, मग हे संग्राम आणि पूर्वी स्टार वेगवेगळं कसं? मला वाटायचं एकाच लढाईचं एकच मेडल.

जुना सुभेदार:

संग्राम मेडल जास्त लोकांना मिळालं. ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात ठरलेल्या राज्यांत नोकरीवर असलेल्यांना ते होतं. जम्मू काश्मीर, पंजाब, राजस्थान, गुजरात, तसंच पूर्वेला पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, मिझोराम, त्रिपुरा. स्टार मात्र प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांचा. पूर्वेकडचा तो पूर्वी स्टार, पश्चिमेकडचा पश्चिमी स्टार. लढलेल्या माणसाकडे बहुधा स्टार आणि संग्राम दोन्ही दिसतात. पंचविसाव्या जयंतीचं मेडल मात्र १५ ऑगस्ट १९७२ला जो नोकरीत होता त्या प्रत्येकाला, लढाईशी त्याचा संबंध नाही.

घाटवाट, हे तुमच्या कामाचंही आहे. जयंतीचं मेडल नव्या पलटणीत असताना मिळालं आणि ते चढलंय. लढाईची दोन जुन्या पलटणीच्या खात्यातली, ती चढली नाहीत. तफावत कुठं पडली ते ह्यावरूनच कळतं. अर्जात हे एका वाक्यात लिहा, तपासणाऱ्याला नेमकं कुठं बघायचं ते समजेल.

कचेरीवाली:

माहितीच्या अधिकाराचं मी सांगते, रोजचं काम आहे. अर्ज वडिलांच्या नावानं आणि वडिलांच्या सहीनं करा. तुम्ही केलात तर वैयक्तिक माहितीच्या कलमावर बोट ठेवून परत येईल आणि तेवढा महिना फुकट जाईल. शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. उत्तराला ३० दिवस. नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला केंद्राच्या कार्यालयात पैसे लागत नाहीत.

पण एक लक्षात घ्या, माहितीच्या अधिकारात दुरुस्ती मागता येत नाही. "नोंद का केली नाही, नोंद करावी" असं लिहिलं की ती माहितीची मागणी होत नाही, असं उत्तर येतं आणि ते नियमाला धरून असतं. कागद मागा: शीट रोलची साक्षांकित प्रत, मेडलबाबतच्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती. त्या हातात आल्या की दुरुस्तीचा अर्ज वेगळा करा, त्यांच्याच कागदाचा हवाला देऊन. आपण त्यांना त्यांचाच कागद दाखवला की बोलणं बदलतं.

मंजिरी प:

माझे वडील नौदलात होते, तिथली पद्धत थोडी वेगळी. पण स्पेलिंगवरून लिहावंसं वाटलं. डब्ल्यू आणि व्हीच्या एका अक्षरासाठी नाव बदलाचं प्रतिज्ञापत्र, राजपत्र ह्या फंदात अजिबात पडू नका! आमच्या शेजारच्या काकांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून राजपत्रात नाव बदललं. मग आधार एका नावाचं, पेन्शनचे कागद दुसऱ्या नावाचे, आणि स्पर्श ह्या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर हयातीच्या दाखल्याला अडकले. बसल्या जागी दुखणं ओढवून घेतलं त्यांनी.

मेडलवर चुकलंय, माणसाच्या कागदात नाही. तेव्हा कागदातलं नाव आहे तसंच राहू द्या. स्टारच्या पाठीचा फोटो मात्र नीट काढा. उन्हात तिरका धरून काढला तर कोरलेली अक्षरं उठून दिसतात, फ्लॅश मारला की नुसता पितळी उजेड येतो.

घरात जुनी अंतर्देशीय पत्रं असतील तर तीही शोधा. एकाहत्तरच्या हिवाळ्यातल्या पत्रावर ९९ एपीओ असेल तर ते पूर्वेकडून आलंय. पश्चिमेची ५६ एपीओनं येत.

जुना सुभेदार:

मंजिरीताई, बरोबर. नंबर हीच फौजेतली ओळख, नाव नंतर. नंबर जुळत असेल तर स्पेलिंगचा फरक अर्जात एका ओळीत सांगून मोकळं व्हायचं. पत्रं पुरावा म्हणून लंगडी आहेत, त्यावर जागेचं नाव नसतं. पण पलटणीचं नाव आणि तारीख असते, जोडायला हरकत नाही.

मूळ पुस्तक आत्ता पाठवू नका. सगळ्या पानांच्या झेरॉक्स, कोऱ्या पानांच्यासुद्धा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून साक्षांकित करून घ्या आणि अर्जही त्यांच्यामार्फत पुढं पाठवा. तिथला जावक क्रमांक मिळतो, पाठपुरावा करायला तो लागतो. रेकॉर्डनं नोंद मान्य केली की मूळ पुस्तक मागवतील, तेव्हा स्पीड पोस्टानं.

घाटवाट:

खाली मसुदा टाकतोय, चूक असेल तर सांगा.

"मी अमुक नंबर, हवालदार, निवृत्त. माझ्या डिस्चार्ज बुकात खालील मेडलच्या नोंदी राहून गेल्या आहेत: पूर्वी स्टार, संग्राम मेडल, ९ वर्षं दीर्घ सेवा मेडल. पहिली दोन मेडलं मला प्रत्यक्ष मिळालेली असून त्यांचे फोटो जोडले आहेत. मी देशासाठी लढलो असून माझ्यावर अन्याय झाला आहे. तरी कृपया सहानुभूतीपूर्वक विचार करून नोंदी कराव्यात."

जुना सुभेदार:

अन्याय आणि सहानुभूती काढून टाका. सहानुभूती मागितली की अर्ज वेलफेअरच्या टेबलावर जातो, तुम्हाला तो डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर पाहिजे. त्या दोन वाक्यांच्या जागी हे घाला:

"३ ते १६ डिसेंबर १९७१ या काळात मी अमुक पलटणीत पूर्व आघाडीवर होतो. दिनांक अमुक रोजी माझी बदली तमुक पलटणीत झाली. बदलीनंतर मिळालेल्या जयंती मेडलची नोंद आहे, आधीच्या पलटणीकडून देय लढाईच्या मेडलची नाही. तरी शीट रोल, आधीच्या पलटणीच्या पार्ट टू ऑर्डर आणि मेडलच्या याद्या तपासून नोंद करावी. नोंद शक्य नसल्यास कोणता कागद तपासला व त्यात काय आढळले ते कळवावे."

शेवटचं वाक्य ठेवाच. एका ओळीचं उत्तर द्यायला मग जागा राहत नाही. वर पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, भरतीची आणि निवृत्तीची तारीख. भाषा हिंदी किंवा इंग्रजी ठेवा, रेकॉर्डमध्ये मराठी वाचणारा क्लार्क भेटेलच असं नाही. आणि नऊ वर्षांचं मेडल सापडलं तर त्याच्या कडेवर नंबर कोरलेला आहे का बघा. कँटोनमेंटच्या दुकानातून घेतलेलं असेल तर कड कोरी असते, त्याचा फोटो जोडू नका.

कचेरीवाली:

तीन महिने वाट बघून काहीच आलं नाही तर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर माजी सैनिक कल्याण विभागाकडे तक्रार टाका, सैनिक कल्याणचा जावक क्रमांक देऊन. सशस्त्र बल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे, पण मेडलच्या एका नोंदीसाठी वकील लावावा असं मला वाटत नाही.

रानपाखरू:

धागा वाचून धीर आला. माझ्या आजोबांचंही असंच आहे, १९६५चं. पाच वर्षं नोकरी करून घरी आले, पेन्शन नाही. समर सेवा स्टार होता असं आजी सांगते, पण तो हरवला. पुस्तकही नाही. आजोबा वारले. काही होऊ शकेल का?

जुना सुभेदार:

तुमचं अवघड आहे, खोटी आशा लावत नाही. बिनपेन्शनवाल्यांचे कागद ठरलेल्या २५ वर्षांनंतर नष्ट करतात. राहतो तो लाँग रोल, त्यात भरती, नंबर, डिस्चार्ज एवढंच त्रोटक असतं. पण नंबर मिळाला तर पलटण कळेल, आणि पलटण पासष्टला कुठं होती ते शोधता येतं. आजोबांचा नंबर घरात कुठं लिहिलेला सापडतो का बघा, ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगानं घातलेला असतो बहुतेकांचा. मिळाला की वेगळा धागा काढा, इथं दोन्ही विषयांची सरमिसळ होईल.