ट्रॅव्हल ट्रेलरसाठी वेट डिस्ट्रिब्युशन हिच: ८०० पौंडी बार घ्यावेत की १००० पौंडी?

मंडळी, ट्रेलर ओढणाऱ्यांचा सल्ला हवाय. हवी आहे ती वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे ट्रेलरचा गाडीच्या मागच्या टोकावर येणारा भार ताठ बारांच्या ताणाने पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटून देणारी जोडणी. गाडी हाफ-टन (हलक्या वर्गातला) पिकअप, दारावरच्या स्टिकरप्रमाणे पेलोड, म्हणजे माणसं-सामान मिळून गाडी पेलेल ते वजन, १५०० पौंड. ट्रेलरची कमाल मर्यादा ६०००. पाणी, गॅस, सामान धरून ५६०० पर्यंत जाईल. माहितीपत्रकात टंग वेट (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा, म्हणजे टंगचा, गाडीवर पडणारा भार) ५२० आहे, पण ते रिकाम्या ट्रेलरचं. रिसीव्हरवर (गाडीमागच्या, हिच बसवायच्या सॉकेटवर) दोन आकडे छापलेत: साध्या बॉलवर (ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर) टंग वेट ५००, वेट डिस्ट्रिब्युशनसह १०००. म्हणजे हिच लागणारच.

रिकामा ट्रेलर दारात नुसता जोडून पाहिला, तर पिकअपचं मागचं अंग बसलं आणि पुढच्या चाकावरची कमान ३६ इंचांवरून पावणेसदतीसवर गेली. ५२० ला ८०० चे बार पुरतील असं विक्रेता म्हणतो. जास्त ताठ बार घेतले तर गाडी दणके देते म्हणे. शिवाय स्वे कंट्रोल (ट्रेलर झुलू नये म्हणूनची सोय) म्हणून वेगळा फ्रिक्शन बार, म्हणजे घर्षणाने झुलणं रोखणारा दांडा, घ्यावा, की हिचमध्येच असलेला?

प्रतिसाद १
५२० विसरा. भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के वजन टंगवर यायला हवं. ५६०० चे १३ टक्के धरले तर ७२८. हौद्यात मागच्या ॲक्सलच्या मागे ठेवलेलं सामानही बार निवडताना मोजायचं असतं. तिथे १५० पौंड ठेवणार असाल तर झाले ८७८, तेव्हा १००० चेच घ्या. दणक्यांची भीती रास्त आहे, पण ती १२००-१४०० चे बार उगाच लावणाऱ्यांसाठी.

माझ्या मते खरी अडचण पेलोडची. टंग ७२८, हिच स्वतः ९० च्या आसपास, सामान १५०. उरले ५३२, त्यात सगळी माणसं बसवा. हिच वजन वाटून देते, गाडीची क्षमता वाढवत नाही.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. फ्रिक्शन बार स्वस्त पडतो, पण रिव्हर्स घेण्याआधी बहुतेकदा उतरून काढावा लागतो. पावसात तर नको होतं. चार ठिकाणी घर्षण देणारी हिच घ्या, ती तशीच ठेवून मागे घेता येते. मात्र टंग हलकं असेल तर ट्रेलर झुलणारच, त्यावर कुठलाही स्वे कंट्रोल हा इलाज नव्हे. सामान पुढे सरकवा.

बसवताना ट्रेलर भरलेला हवा, जमीन सपाट. बार ताणल्यावर कमान वर आलेल्या उंचीच्या निदान निम्मी खाली यायला हवी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं असेल तर तेच पाळा. कमी पडलं तर हेडमधले (बार ज्यात बसतात त्या हिचच्या डोक्यातले) वॉशर वाढवून कोन बदला. आणि पहिल्या फेरीनंतर शँकचे (रिसीव्हरमध्ये जाणाऱ्या हिचच्या दांड्याचे) बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.