योगशिक्षक ते योग थेरपिस्ट, नेमकं काय शिकावं लागतं?

केळीबाग_जळगाव:
नमस्कार मंडळी, जळगावात सकाळचा योगवर्ग घेते, वायसीबीचं (सरकारी योग सर्टिफिकेशन बोर्ड) टीचरचं सर्टिफिकेट आहे. हल्ली वर्गात निम्म्या बायका काहीतरी दुखणं घेऊनच येतात, कापूस वेचून कंबर गेलेली, कुणाला शुगर, कुणाला बीपी. परवा एक आजी सरळ विचारते, "ताई, आते गोया बंद करू का?" बीपीच्या गोळ्या म्हणते ती. आता काय सांगणार! थेरपीचं ट्रेनिंग घ्यावं म्हणते, पण आसनं तर तीच ना? मग वेगळं काय शिकवतात?

तापीकाठ:
आसनं तीच हो ताई, पण थेरपीत आधी माणूस बघायचा. केस हिस्टरी, रिपोर्ट, चालू गोळ्या, झोप सगळं विचारायचं आणि काय द्यायचं याच्या आधी काय द्यायचं नाही ते ठरवायचं. कंबर दुखते म्हणून सरसकट पश्चिमोत्तानासन, म्हणजे बसून पुढे वाकायचं, दिलं आणि गादी सरकलेली निघाली तर दुखणं वाढतं, हाडं ठिसूळ झालेल्या म्हातारीचा तर मणकाच दबू शकतो. काचबिंदू असेल तर शीर्षासन नाहीच, बीपी वाढलेलं असेल तर जोराची कपालभाती आणि कुंभक (श्वास रोखणं) नको. इन्सुलिनवाली बाई उपाशीपोटी आली आणि मधेच घाम फुटून हात थरथरायला लागले तर थांबवून लगेच साखर द्यायची, तिथे शवासन देत बसायचं नाही. हे पुस्तकातून येत नाही, पेशंटसमोर बसावं लागतं, म्हणून कोर्सवाल्यांना आधी विचारा की प्रॅक्टिकल किती आणि देखरेख कुणाची.

धुळेकर_भो:
वायसीबीतच थेरपीच्या लेव्हल वेगळ्या आहेत, असिस्टंट योगा थेरपिस्ट, मग योगा थेरपिस्ट, वर कन्सल्टंट. टीचरच्या सर्टिफिकेटवर ते चालत नाही. अमेरिकेतली आयएवायटी, म्हणजे योग थेरपिस्टांची आंतरराष्ट्रीय संघटना, तर 200 तासांच्या टीचर कोर्सवर आणखी किमान 800 तास मागते, आणि आपल्याकडे दोन रविवारात थेरपिस्ट करून देतो म्हणे, भो!

केळीबाग_जळगाव:
लोणावळ्याला कैवल्यधाम योगसंस्थेत जा म्हणतात सगळे, पण घरदार, शेत सोडून तिकडे राहणं जमायचं नाही. आणि आजीचं काय?

तापीकाठ:
मग आधी मूजे कॉलेजच्या (मूळजी जेठा) योग विभागात चौकशी करा, गावातच आहे. आजींना सांगा, डॉक्टरले इचार्‍याबिगर गोया बंद करू नका. बीपी खरंच उतरत असेल तर रोजचं रीडिंग वहीत लिहून वही डॉक्टरकडे पाठवा, डोस कमी करायचा की नाही ते तेच बघतील.