‘तळे राखी’ की ‘शिते-भुते’?

कोपरीकर:
पालिका निवडणुकीच्या तिकिटांवरून झालेली रस्सीखेच पाहून नाक्यावर एक काका म्हणाले, “जो तळे राखी तो पाणी चाखी, चालायचंच.” म्हण इथे बसते का? त्यात राखणदार आधी, मोह नंतर. इथे तर पाण्यासाठीच राखणदारी मागताहेत!

घोडबंदर:
बसते की. ठाणं तलावांचं शहर, म्हण आपल्याच मालकीची :)

पाचपाखाडी:
नाही बसत. ‘तळे राखी’त थोडी मुभा आहे, राखणदार ओंजळभर प्यायला तर कोण विचारतो? म्हणून लोक ती म्हण ‘जाऊ द्या, चालायचंच’ अशा अर्थाने वापरतात. इथे हवी ‘असतील शिते तर जमतील भुते’. भुतं मुळातच भुतं असतात, शितांनी त्यांना बिघडवलेलं नसतं. ‘सत्तालोलुप’, ‘सत्तापिपासू’ हे शब्द नुसती माणसाची हाव सांगतात, शितं कुठे सांडलीत ते सांगत नाहीत.

ते सांगणारा जुना शब्द ‘इजारा’. दुसऱ्या बाजीराव पेशव्याने मामलती, म्हणजे मुलखाचा कारभार आणि वसुली, जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्याने द्यायला सुरुवात केली. आता बोली कोण लावणार? रयतेकडून दामदुप्पट उकळायची ज्याची तयारी तोच. सरळ माणूस त्या लिलावात उभाच राहत नाही, त्याला बिघडवण्याचा प्रश्नच येत नाही. त्याआधी मामलेदारावर दरखदारांचा, म्हणजे स्वतंत्र हक्काच्या सरकारी अधिकाऱ्यांचा, वचक असे. फडणीस, मजुमदार ही मंडळी हाताखाली असूनही मामलेदार त्यांना काढू शकत नसे. इजाऱ्यात तो वचक राहिला नाही. याच राजवटीत त्रिंबकजी डेंगळे साध्या जासुदापासून कारभारी झाले, कारण बाजीरावाची मर्जी एवढंच भांडवल पुरत होतं. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाचा ठपका ठेवून इंग्रजांनी डेंगळ्यांना आपल्याच ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं आणि १८१६ मध्ये ते तिथून निसटले. आता तिथे मध्यवर्ती कारागृह आहे.

घोडबंदर:
मग ‘मलिदा लाटणे’ म्हणतात, त्यातला मलिदा?

पाचपाखाडी:
मूळ फारसी, चुरलेलं या अर्थी. दर्ग्यात चढवतात तो. टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमुळे ठाणेकरांना ओळखीचे असलेले बेने इस्राएल ज्यूही मलिदा करतात. गोड पोहे, खोबरं, फळं. तो वाटतात, लाटत नाहीत.

नेरूळकर:
इजारा पटला. पण पालिकेत बोली उघड लागत नाही, तिथे शब्द ‘वर्णी लागणे’. स्थायी समितीत सोळा जण, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त, म्हणून दरवर्षी रुसवेफुगवे. ठेके तिथे मंजूर होतात ना! वृक्ष प्राधिकरणावर वर्णी लागावी म्हणून कुणी रुसल्याचं ऐकलंय?

कोपरीकर:
मग स्थायीच नको.

नेरूळकर:
तेही पाहिलं. आमच्या नवी मुंबई पालिकेच्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली, पुढे काही वर्षं प्रशासक. महासभेचे, स्थायीचे आणि आयुक्तांचे, तिन्ही अधिकार एकाच टेबलावर. मी कुणा अधिकाऱ्यावर बोट ठेवत नाही, पण ज्याला काम काढून घ्यायचंय त्याला सोळांऐवजी एकच दार ठोठवायचं राहिलं. आणि सोळा जणांत एखादा विरोधी पक्षाचा आडवा पडायचा, फाईल मागायचा, तो या काळात नव्हता.