वाट, वत् आणि विहार

प्रश्न

नुकतीच बँकॉकहून आले. प्रवासवर्णन लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. 'वाट फो'ला मराठीत म्हणायचं काय? मी 'बुद्धाचं मंदिर' लिहिलं होतं. नवरा म्हणाला, देऊळ लिही. शेजारच्या काकूंनी वाचलं आणि विचारलं, "अगं, विहार का नाही लिहिलंस?" ही 'वाट' आपली पायवाट नव्हे एवढं कळतं, पण मग कुठली? शिवाय एकाच आवारात बोत, विहान, चेदी अशी नावं होती. गाइड भरभर सांगत गेला, माझ्या डोक्यात काही राहिलं नाही.

उत्तर

ताई, आधी उच्चार. थाई लोक 'वत्' म्हणतात, ऱ्हस्व आणि शेवटी 'त'. 'वाट' हे रोमन अक्षरं वाचून झालेलं रूप. पण अंकोरवाटमुळे ते मराठीत इतकं रुळलंय की आता त्याच्या मागे लागू नये. 'फो'मधला फ मात्र 'फॅन'चा नाही, प आणि ह मिळून होणारा फ. मूळ शब्द बोधी. या जागेचं जुनं नाव वत् फोथाराम, म्हणजे बोधीचा आराम, इथं आराम म्हणजे मठ. आजच्या लांबलचक अधिकृत नावात 'चेतुफोन' येतं, ते आपलं जेतवन, बुद्ध राहत असत तो श्रावस्तीचा मठ.

आता 'वत्'. कोशांत त्याचं मूळ संस्कृत 'वाट' असं देतात. अर्थ कुंपण घातलेली जागा, आवार. पायवाटेतली वाट वेगळी, ती 'वर्त्मन्'वरून आली. म्हणजे 'वत्'चं मराठीतलं खरं भावंड शोधायचं तर ते वाडा आणि वाडी! म्हणूनच वत् ही एक इमारत नसते, सगळा परिसर मिळून वत् होतो. साधारणपणे तिथं भिक्खूही राहतात. राजवाड्याच्या आवारातला वत् फ्रा केओ याला अपवाद, तिथं भिक्खूंची वस्ती नाही.

आतल्या इमारतींची नावं ओळखीचीच निघतात. बोत म्हणजे उपोसथ, भिक्खूंच्या विधींचं दालन. त्याच्याभोवती आठ दगड असतात, त्यांना 'सेमा' म्हणतात, म्हणजे सीमा. भिक्खूंची उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, त्या सीमेच्या आत होते. चेदी म्हणजे चैत्य, पाली चेतिय. विहान म्हणजे विहार.

पण इथंच गंमत आहे. आपल्या लेण्यांत चैत्यगृह हे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन आणि विहार ही भिक्खूंची राहायची जागा. अजिंठ्याला 9, 10, 19, 26 आणि 29 ही चैत्यगृहं, बाकी विहार. थाई चेदी हा मात्र स्तूपच. चियांग माईच्या वत् चेदी लुआंगमधला प्रचंड चेदी 1545च्या भूकंपात वरून ढासळला, त्याचा वरचा भाग आजही नाही. आणि विहानमध्ये कुणी राहत नाही. तिथं बुद्धमूर्ती असते, समोर लोक बसतात. भिक्खू राहतात त्या खोलीला 'कुटी' म्हणतात. हा शब्द फोडून सांगायला नको.

त्यामुळे अख्ख्या वत् फोला विहार म्हणणं मला तरी काटेकोर वाटत नाही.

त्यावर

दादा, लेण्यांपुरतं तुमचं बरोबर. पण आजच्या मराठीत विहार म्हणजे काय ते आमच्या वस्तीत येऊन बघा. 1956च्या धम्मदीक्षेनंतर गावोगाव बुद्धविहार उभे राहिले. आमच्या विहारात भिक्खू राहत नाहीत. मूर्ती आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे, सकाळ-संध्याकाळ वंदना होते, दुपारी पोरं अभ्यासाला बसतात. म्हणजे आमचा विहार आणि त्यांचा विहान एकाच अर्थाला येऊन टेकले की! काकूंचं बरोबर आहे. 'मंदिर' म्हटलं की आमच्या आजीच्या कपाळाला आठी पडते. तिथं देव असतो, म्हणते. आणि ताई, 'पुजारी' लिहिलं असेल तर आधी खोडा. भिक्खू लिहा. समोर बोलताना आम्ही भंते म्हणतो.

मी बँकॉकला गेलो तेव्हा विहानमध्ये 'फुत्थङ सरणङ खच्छामि' ऐकलं. क्षणभर कळलंच नाही. मग कळलं तसा मीही म्हणू लागलो, आपल्या उच्चारात. शेजारची म्हातारी वळून हसली.

आणखी एक

'झोपलेला बुद्ध' असंही लिहू नका. वाट फोमधली ती 46 मीटरची मूर्ती झाली तरी त्या उजव्या कुशीवरच्या पहुडण्याला सिंहशय्या हा छान शब्द आहे. अजिंठ्याच्या 26व्या लेण्यातली मूर्ती महापरिनिर्वाणाची, तीही पहुडलेली.

मूळ प्रश्नकर्ती

पुजारी खरंच लिहिलं होतं, खोडलं. परिसराला 'वाट फो' तसंच ठेवलं, मूर्तीच्या दालनाला विहार. काकू खूश आहेत. नवऱ्याला अजून देऊळच हवंय. त्याला म्हटलं, चपला पिशवीत घालून हातात धरून फिरलो ते वाक्य तू लिही, तिथं काय हवं ते म्हण.