मदत हवी आहे: १९८९ची मॅटाडोर, पुणे ते कन्याकुमारी, आणि घाटात लाल होणारा काटा

मॅटाडोरवाली

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी गाडी चालवते, पण गाडीतलं मला फारसं कळत नाही. तेव्हा उत्तरं जरा फोड करून द्या.

गाडी माझ्या मामाची, बजाज टेम्पोची जुनी डिझेल व्हॅन. साताऱ्याला त्याचा मांडव आणि केटरिंगचा धंदा होता. आचारी, शेगड्या, पातेली आणि भाज्यांची पोती यांच्यामध्ये कोंबून आम्ही भाचरंही लग्नाला जायचो. मामा गेल्यावर गाडी तीन पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मामी म्हणाली, भंगारवाला चकरा मारतोय, तू नेतेस का? नेली.

आता पत्राकाम आणि रंग झालाय. मागे फळ्यांचा पलंग, खाली सामानाचे खण आणि अगदी मागच्या दाराशी ८० लिटरची पाण्याची टाकी बसवली आहे. नोंदणी पहिल्यापासून खाजगी, आरसी नुकतीच पाच वर्षांसाठी वाढवून आणली.

बेत असा: जानेवारीत आम्ही तीन गाड्या निघणार. माझी मॅटाडोर, एका मित्राची १९८६ची मारुती व्हॅन (अजून 'ओम्नी' नाव पडायच्या आधीची, तो हे दर दहा मिनिटांनी सांगतो) आणि एका काकांची स्टँडर्ड २० (तीही जुनी व्हॅनच). पुणे, कोल्हापूर, आजऱ्यावरून आंबोली उतरून सावंतवाडी, मग ६६ नंबरचा हायवे धरून थेट कन्याकुमारी. परत येताना मदुराई, सेलम, बंगळूर. सगळं मिळून तीन हजार किलोमीटरच्या आसपास.

अडचण: सपाटीवर गाडी एकदम थंड चालते. इतकी, की तापमानाचा काटा खालच्या रेघेवरून हलतच नाही. पण गेल्या महिन्यात खंबाटकीचा जुना घाट दुसऱ्या गिअरवर चढताना दहा मिनिटांत काटा लाल पट्टीला टेकला. थांबले, अर्धा तास गार केली, पाणी घातलं, पुन्हा निघाले. पुढे साताऱ्यापर्यंत काही नाही. मिस्त्री म्हणतो, "ताई, जुनी गाडी आहे, घाटात तापणारच, दोन कॅन पाणी ठेवा." ठेवीन, पण तीन हजार किलोमीटर कॅनच्या भरवशावर?

दुसरं: मारुती व्हॅन ऐंशीने पळते, मी पंचावन्न-साठने. एकत्र जायचं कसं? मागच्या वेळी महाबळेश्वरला जाताना आम्ही एकमेकांना थेट हॉटेलच्या पार्किंगमध्ये भेटलो.

डिझेलचा_वास

मॅटाडोर बघूनच धागा उघडला. आमच्याकडे कुठल्याही बंद बॉडीच्या गाडीला मॅटाडोरच म्हणायचे, ती कोणत्याही कंपनीची असो.

रेडिएटर शेवटचा कधी उघडला होता? शेडमध्ये तीन वर्षं उभी, आधी केटरिंगवाल्याकडे, म्हणजे जिथे जाईल तिथल्या विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी पोटात. आतल्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असणार. रेडिएटरवाल्याकडून वरची-खालची टाकी सोडवून रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून क्षार काढणं) करून घ्या. नुसतं प्रेशरने पाणी मारून भागत नाही. फॅनबेल्टही बघा: अंगठ्याने दाबला तर सेंटिमीटरभर दबावा, लोंबू नये. आणि रेडिएटरचं झाकण नवीन घ्या. स्प्रिंग मेली असेल तर दाब धरत नाही. दाब असला तरच पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, नाहीतर घाटात शंभरलाच उकळून बाहेर.

आण्णा_घाटमाथा

ताई, मी बारा वर्षं मॅटाडोर चालवली. दुधाचे कॅन, कोल्हापूर भागात. तापण्याचं नंतर बघू, आधी ती पाण्याची टाकी मागच्या दारातनं काढा.

मॅटाडोर पुढच्या चाकावर वढती. पाठीमागं वझं टाकलं की पुढचं तोंड हलकं हुतं. चढाला, त्यात रस्ता वला नाहीतर खडीचा असला, की पुढची चाकं जागच्या जागी फिरत्यात आन् गाडी हलत नाही. आम्ही कॅन भरताना पहिली रांग ड्रायव्हरच्या पाठीला लावून भरायचो. एकदा रिकामे कॅन पुढं आन् भरलेले मागं अशी चूक झाली, करूळ घाटात गाडी थांबली ती थांबलीच. शेवटाला क्लीनरनं चार कॅन उचलून पुढं आणले तवा हलली.

८० लिटर म्हणजे ८० किलो. टाकी सीटच्या मागं घ्या.

मॅटाडोरवाली

आण्णा, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. टाकी बसवणाऱ्याने 'मागे नळ सोयीचा पडतो' म्हणून तिथे टाकली. हलवते.

रॉडिंग करून घेतलं. त्या माणसाने नळ्यांमधून जे काढलं ते वर्तमानपत्रावर घालून दाखवलं, चुन्याच्या खड्यांसारखं होतं. झाकण आणि बेल्ट नवीन. काल कात्रजच्या जुन्या घाटात नेली. सुधारणा आहे, पण चढाच्या शेवटी काटा पुन्हा लालच्या अगदी जवळ. सपाटीवर पूर्वीसारखाच तळाशी.

नानापेठी

थांबा. 'सपाटीवर काटा तळाशी' हे तुम्ही दोनदा लिहिलंय, आणि जणू चांगली गोष्ट आहे असं लिहिलंय. ती चांगली गोष्ट नाही. सकाळी सुरू केल्यावर इंजिन कामाच्या तापमानाला यायला हवं आणि काटा मध्याच्या आसपास थांबायला हवा. तुमचं इंजिन सपाटीवर कधी गरमच होत नाही आणि घाटात एकदम तापतं. थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की उघडणारी झडप) आहे का जागेवर? स्वतः उघडून बघा, मिस्त्रीला विचारू नका. इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) जिथे इंजिनाला लागतो त्या घराचे बोल्ट सोडा.

मॅटाडोरवाली

बघितलं. आत काहीच नाही. रिकामं घर.

मिस्त्रीला फोन केला. "हो, मामा होते तेव्हाच काढला, आपल्या हवेत लागत नाही तो." पण थर्मोस्टॅट नाही म्हणजे पाणी उलट मोकळं फिरणार ना? मग तापते कशी?

नानापेठी

आपल्याकडच्या निम्म्या गॅरेजांचा हा समज आहे, आणि काही इंजिनांत तो खपूनही जातो. या इंजिनात खपत नाही.

१९८९च्या गाडीत मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं २.४ लिटरचं डिझेल असणार, पाटी वाचून खात्री करा. त्याचा थर्मोस्टॅट दोन कामं करतो. थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी बायपासमधून इंजिनातल्या इंजिनात फिरतं. गरम झाला की रेडिएटरची वाट उघडतो, आणि त्याच हालचालीत त्याच्या खालची चकती बायपासचं तोंड बंद करते. तुम्ही तो काढला, म्हणजे बायपास कायमचा उघडा. घाटात सगळं पाणी रेडिएटरकडे जायला हवं, तेव्हाच त्यातला एक भाग गार न होता परत इंजिनात जातो. सपाटीवर उष्णता मुळात कमी, म्हणून उलटं होतं, इंजिन गरजेपेक्षा थंड. अशा थंड इंजिनाला डिझेलही जास्त लागतं आणि धूरही जास्त येतो.

बजाज टेम्पोच्याच ट्रॅक्स जीपलाही याच घराण्याचं इंजिन होतं, त्यामुळे पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळेल. मात्र खालची चकती असलेलाच घ्या. चकती नसलेला दुसरा कुठला बसला म्हणून बसवला, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बसवण्याआधी दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि गॅस लावा. पाणी उकळायच्या आधी तो उघडताना दिसला पाहिजे. पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका.

मारुतीव्हॅन_८६

धाग्यात ज्याची बदनामी चालू आहे तो मीच. ऐंशीने मी कधीच जात नाही, पंचाहत्तर. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, चाळिशीला आलेली गाडी पळतेय याचं कौतुक नाही. महाबळेश्वरला मी प्रत्येक चहाच्या टपरीवर थांबलो होतो.

मॅटाडोरवाली

थांबला होतास. मी पोचेपर्यंत चहा संपवून निघालाही होतास.

हार्बुर्गकर

हॅम्बुर्गहून लिहितोय. मॅटाडोरचं माहेर इथलंच. हार्बुर्ग भागात 'विडाल आणि मुलगा' यांचा टेम्पो कारखाना होता, १९४९मध्ये पहिली मॅटाडोर तिथे निघाली. आणि गंमत म्हणजे तिला इंजिन होतं फोक्सवागेन बीटलचं, २५ अश्वशक्तीचं. फोक्सवागेनने स्वतःची व्हॅन बाजारात आणली आणि मग इंजिनं देणं थांबवलं. पुढे कारखाना हानोमागकडे आणि शेवटी मर्सिडीजकडे गेला, इकडे मॅटाडोर संपली. तिकडे आकुर्डीत बजाज टेम्पोच्या कारखान्यात मात्र दशकानुदशकं निघत राहिली. इथल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मी फोटो दाखवतो तेव्हा म्हातारे जर्मन 'हे अजून चालतं?' म्हणून विचारतात.

एकत्र जाण्याबद्दल. इथे जुन्या फोक्सवागेन व्हॅनवाल्यांसोबत दोनदा आल्प्स ओलांडले आहेत. त्यांचे दोन नियम. सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे, वेग ती ठरवणार. आणि प्रत्येक चालक फक्त आपल्या मागच्या गाडीला जबाबदार: वळणावर किंवा फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. बस. मागचा हरवला तर त्याच्या पुढचा थांबतो, मग त्याच्याही पुढचा, आणि पाच-दहा मिनिटांत आख्खी रांग आपोआप थांबते. फोनाफोनी लागत नाही. वेगवान गाडीवाल्याला हे जड जातं, त्याला शेवटी ठेवा आणि मोठी टूलकिट त्याच्याकडे द्या. बंद पडलेल्या गाडीपर्यंत तो आपोआप पोचतो.

मारुतीव्हॅन_८६

म्हणजे मी तीन हजार किलोमीटर मॅटाडोरचा धूर खायचा.

नानापेठी

थर्मोस्टॅट बसला की धूरही कमी होईल.

डिझेलचा_वास

वॉकीटॉकी घेणार असाल तर ४४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले कमी ताकदीचेच घ्या, त्यांना परवाना लागत नाही. 'दहा किलोमीटर रेंज' म्हणून ऑनलाइन मिळतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. घाटात तसाही एका वळणापलीकडे आवाज जात नाही.

कागदीघोडे

दोन गोष्टी, थोडक्यात. 'व्हिंटेज' म्हणून नोंदणीच्या भानगडीत पडू नका, कुणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगतो. २०२१च्या नियमाप्रमाणे त्याला गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते, आणि ती नोंदणी झाली की गाडी रोजच्या रस्त्यावर नेता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच. तुमची साधी आरसी, विमा आणि पीयूसी हेच बरं. दुसरं, पलंग आणि टाकी पक्की बोल्टने बसवली असेल तर आरटीओत विचारून घ्या. बदल आरसीवर चढलेले नसतील तर अपघातानंतर विमावाले नेमकं तेच बोट ठेवतात.

जर्मनीत ३० वर्षांच्या गाडीला 'एच' पाटी (ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट) मिळते म्हणे. आपल्याकडे त्या तिसावर अजून वीस वर्षं थांबा.

आण्णा_घाटमाथा

ताई, तुम्ही समदं चढाचं इचारताय. आंबोली तुम्हास्नी उतरायची हाय.

ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, दाबायचा, वेग मोडायचा, सोडायचा. ड्रम तापला की पाय लागतो पण गाडी थांबत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच नाही, आन् इंजिन बंद करून तर अजिबात नाही. इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा व्हॅक्यूम गेला, दोन-तीन दाबांनंतर पायाखाली दगड. निघायच्या आधी ब्रेक ऑइल बदला. ते जुनं झालं की पाणी धरतं आन् उतारावर उकळतं.

तोप्पूरचा घाट तुम्ही सेलमकडनं येताना चढणार, ते बरं हाय. उतरणारे ट्रक तिथं वाईट येत्यात. डाव्या अंगानं ऱ्हावा, थांबू नका.

मॅटाडोरवाली

अपडेट. नाना पेठेत तिसऱ्या दुकानात चकतीवाला मिळाला. आईच्या चहाच्या पातेल्यात चाचणी घेतली. उघडला. आईने ते पातेलं आता मला देऊन टाकलंय. बसवला, पाण्याऐवजी कूलंट भरलं, टाकी सीटच्या मागे आणली.

रविवारी तिन्ही गाड्या वाई ते पाचगणी, पसरणी घाट. मी पुढे, मध्ये काकांची स्टँडर्ड, शेवटी मारुती. सुरू केल्यापासून पंधरा मिनिटांत काटा मध्यावर आला, जो मी या गाडीत कधी पाहिलाच नव्हता. आख्खा घाट दुसऱ्या-तिसऱ्यावर. शेवटच्या वळणांवर काटा मध्याच्या थोडा वर सरकला आणि तिथेच राहिला. पाचगणीच्या हॅरिसन फॉली पॉइंटच्या अलीकडे थांबून रेडिएटरकडे बघत बसलो, काही झालं नाही. मारुतीवाल्याने वाटेत एकदाही ओव्हरटेक केलं नाही, फक्त हॉर्न दिला. स्टँडर्डचा सायलेन्सर सैल झालाय, त्यासाठी वेगळा धागा काढते.

आता एकच राहिलं. इंजिनाचा डबा दोन सीटच्या मध्ये, आणि घाट संपेपर्यंत माझा डावा पाय भाजून निघतो. चप्पल मऊ पडली. काही उपाय?

आण्णा_घाटमाथा

डब्याच्या झाकणाखालचं रबर बघा. वाळून तुटलं आसंल, तिथनं गरम वारा येतोय. नवीन रबर लावा, क्लिपा घट्ट करा. आम्ही वरनं गोणपाट टाकायचो, ते नका टाकू, डिझेल सांडलं की पेटतं. आन् चप्पल घालून घाट चालवू नका, बूट घाला.