मेकॅनिकल पंप हवाच कशाला? (घरी बांधलेलं विमान, खालचे पंख)

गॅरेजवाला, ओहायो

चार वर्षं गॅरेजमध्ये रिव्हेट ठोकतोय. आरव्ही-९ए (सुटे भाग आणून घरी जोडायचं छोटं विमान), लायकमिंग ओ-३२० इंजिन, १६० अश्वशक्ती, साधा कार्ब्युरेटर. गेल्या महिन्यात सगळा संसार विमानतळावरच्या हँगरात हलवला, पंख लागले. आता पेट्रोलच्या नळ्या राहिल्यात.

नेहमीची मांडणी अशी: टाकी, मग डावी-उजवी निवडायचा कॉक, मग इलेक्ट्रिक बूस्ट पंप (मदतीचा, गरजेला लावायचा), फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) ओलांडून इंजिनावरचा, इंजिनानेच हलणारा मेकॅनिकल पंप, मग कार्ब्युरेटर. यातला मेकॅनिकल पंप मला खटकतो. तो तापलेल्या इंजिनाला चिकटून बसतो आणि खालच्या पंखातल्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढायचं म्हणजे नळीतला दाब उतरणार. दाब कमी आणि वर उष्णता, की पेट्रोलची वाफ झालीच. वाफ भरलेला पंप नुसता हलत राहतो, पुढे काही जात नाही.

माझा बेत: दोन इलेक्ट्रिक पंप कॉकच्या शेजारी, केबिनच्या गारव्यात, समांतर जोडायचे. दोघांना वेगळा फ्यूज, वेगळा स्विच, आणि दुसऱ्याला स्वतःची छोटी बॅटरी. असा पंप एक-दीड अँपिअर खातो. नऊ अँपिअर-अवरची बॅटरी सहा तास पुरते. माझ्या दोन्ही टाक्या मिळून १३६ लिटरच्या, त्या आधीच संपतील. मेकॅनिकल पंप काढून त्या जागी झाकणपट्टी. विरोध जरूर करा, पण कारण द्या.

जुना_फिटर, नाशिक

कारण देतो. कॉकपिटमध्ये धूर आला तर तुमचा पहिला हात कुठे जाणार? मास्टर स्विचवर, म्हणजे विमानाची सगळी वीज तोडणाऱ्या. तिथेच तुमचं इंजिनही बंद. मेकॅनिकल पंपाला तुमच्या मास्टरशी देणंघेणं नाही, इंजिन फिरतंय तोवर तो हलतोय.

आयुष्यभर विमानं उघडली. डायफ्रॅम (आतला हलणारा पडदा) फाटलेले पंप पाहिलेत, नाही म्हणत नाही. पण बहुतेक वेळा ड्रेनच्या नळीला आधी थेंब दिसतात, आणि मदतीला बूस्ट पंप असतोच. इलेक्ट्रिक पंप जायच्या आधी चिठ्ठी पाठवत नाही.

वायरमन, पुणे

काका, आदर राखून असहमत. मी गाड्यांच्या फ्युएल इंजेक्शनमध्ये काम करतो. रोटॅक्स ९१२ आयएस घ्या. कारखान्यातून निघालेलं विमानाचं इंजिन, पेट्रोल तीन बारच्या आसपास दाबाने लागतं, आणि पंप दोन, दोन्ही इलेक्ट्रिक. मेकॅनिकल पंप नाहीच.

धुराचं म्हणाल तर पंपाची वायर मास्टरमधून न्यायचीच नाही. थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसकट. मास्टर पाडला तरी पंप चालू.

फक्त समांतर जोडताना प्रत्येक पंपापुढे एकमार्गी व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर चालू पंप बंद पंपातून पेट्रोल गोल फिरवत बसेल, कार्ब्युरेटर कोरडा.

जुना_फिटर

रोटॅक्सने त्या इंजिनाच्या पोटातच दोन जनरेटर घातलेत, हे सांगायचं राहिलं बहुतेक. तिथे वीज हाच इंजिनाचा पाया आहे, आणि तो पाया कंपनीने चाचण्या करून घातलाय. ह्यांच्याकडे एक अल्टरनेटर आणि गॅरेजमध्ये दाबलेले वायरींचे टोक. कंपनीचं उदाहरण देऊन घरच्या वायरिंगची हमी मिळत नाही.

आणि मास्टर पाडल्यावरही जिवंत राहणारी वायर? धूर तिचाच असला तर?

शंकासूर, डोंबिवली

विमानातलं शून्य कळतं. पण वाफेवरून आठवलं. लहानपणी मे महिन्यात वडिलांची जुनी गाडी खंडाळ्याच्या घाटात बंद पडायची. मग ओलं फडकं पंपावर टाकून अर्धा तास करवंदं खात बसायचो. ते हेच का?

वायरमन

अगदी हेच. पंप गार झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. नव्या गाड्यांत पंप टाकीच्या आत बुडालेला असतो आणि तिथूनच ढकलतो, म्हणून घाटात फडकी दिसेनाशी झाली. धागाकर्ते त्याच दिशेला चाललेत.

वरचा_पंख, टेक्सास

एवढा खटाटोप करण्यापेक्षा पंख वर ठेवायचे होते! माझ्या सेसना १७२ मध्ये कार्ब्युरेटर आहे, पंप एकही नाही. गुरुत्वाकर्षणाचा फ्यूज उडत नाही. कॉकला ‘दोन्ही’ अशी जागाही आहे, ती लावायची आणि विसरायचं.

गॅरेजवाला

दादा, विमान बांधून झालंय, पंख आता उचलून वर नेऊ का? आणि गुरुत्वाकर्षणही फुकट मिळत नाही. पेट्रोल कार्ब्युरेटरच्या ७० सेंटिमीटर वर असेल तर दाब मिळतो जेमतेम ०.७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). लायकमिंगला किमान ०.५ लागतो. नाक वर करून चढताना ही उंची आणखी घटते. म्हणूनच अमेरिकन नियमांत गुरुत्वाकर्षणाच्या मांडणीला टेकऑफच्या खपाच्या १५० टक्के प्रवाह मागितला होता आणि पंपाच्या मांडणीला १२५ टक्के.

जुना_फिटर

खालच्या पंखाला ‘दोन्ही’ची जागा कुणी चुकूनही देऊ नका. एक टाकी आधी रिकामी झाली की पंप तिथून हवा ओढतो, कारण हवा ओढणं पेट्रोल ओढण्यापेक्षा सोपं. दुसरी टाकी अर्धी भरलेली आणि इंजिन बंद.

सई_वाऱ्यावर, ब्रिस्बेन

पंपावरून भांडताय म्हणून माझी गोष्ट सांगते. खालच्या पंखाचं विमान, दुसऱ्याने बांधलेलं, मी विकत घेतलेलं. मेकॅनिकल पंप अधिक बूस्ट पंप. टेकऑफ छान. वर जाऊन बूस्ट बंद केला की पाच-दहा मिनिटांत दाबाचा काटा थरथरायचा, इंजिन एक खोकला काढायचं. बूस्ट लावला की गुपचूप. दोन महिन्यांत मेकॅनिकल पंप बदलला, फिल्टर बदलला, दाबाचा सेन्सर बदलला. जमिनीवर पेट्रोलचा एक थेंब सांडलेला नाही, म्हणून नळ्यांवर संशयच नाही.

शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने इंजिन बंद ठेवून नुसता बूस्ट लावला आणि टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघितला. फायरवॉलच्या जोडाला निळसर ओल. बूस्ट बंद असताना तो जोड ओढणाऱ्या बाजूला यायचा. तिथून पेट्रोल बाहेर येत नव्हतं, हवा आत जात होती! आधीच्या मालकाने नळीचं तोंड गाडीच्या ४५ अंशाच्या हत्याराने फुलवलेलं, आणि विमानाचा जोड असतो ३७ अंशांचा. घट्ट आवळला की बसल्यासारखा वाटतो, बसत मात्र नाही.

गॅरेजवाला

सईताई, हा माझ्याच बाजूचा पुरावा! माझ्या मांडणीत पंपापुढची सगळी नळी कायम दाबाखाली. हवा आत शिरायला जागाच नाही.

जुना_फिटर

बरोबर. मग तोच जोड पेट्रोल बाहेर टाकेल, एक्झॉस्टच्या वीतभर अंतरावर. ओढणारी बाजू गळली तर इंजिन थांबतं, ढकलणारी गळली तर आग लागते. इंजिन थांबलं तर शेत शोधता येतं.

म्हणून भांडायचं तर नळ्यांवरून भांडा. फायरवॉलपुढे उघडी ॲल्युमिनियमची नळी नको, इंजिनाच्या थरथरीने फुलवलेल्या तोंडाशी तडकते. तिथे आगरोधक बाही घातलेला टेफ्लॉनचा होज. जोडांना टेफ्लॉनची टेप लावणाऱ्याला मी हँगरात उभा करत नाही. तिचे धागे सुटून कार्ब्युरेटरच्या जाळीत जातात. फुलवलेल्या जोडाला काहीच लावायचं नसतं, धातूवर धातू बसतो. आणि टाकीच्या श्वासनळीला बारीक जाळी लावा. कुंभारीण माशीला अशी भोकं फार आवडतात. तिने मातीने भोक लिंपलं की पंप कोणताही असो, टाकीत निर्वात होऊन पेट्रोल यायचं थांबतं.

वायरमन

नळ्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण आग लागेल म्हणून पेट्रोल ढकलायचंच नाही, हे पटत नाही. बूस्ट लावून तुम्हीही टेकऑफला ढकलताच की.

आणि भारतात उडवणाऱ्यांसाठी वेगळी काळजी. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. रोटॅक्स ९१२ला १० टक्क्यांपर्यंत चालतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि पाणी जास्त झालं की पाण्यासकट तळाला बसतं. जुन्या रबराच्या नळ्या फुगतात ते वेगळंच.

सई_वाऱ्यावर

कॉकवरून एक. जॉन डेन्व्हर हा गायक १९९७च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात माँटेरेजवळ समुद्रात पडला. घरी बांधलेलं लाँग-ईझी जातीचं छोटं विमान, त्याने नुकतंच विकत घेतलेलं. टाकी बदलायचा कॉक बांधणाऱ्याने वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेला. त्याच्यावर खुणाही नव्हत्या. तपासात निष्कर्ष निघाला की मागे वळून कॉक फिरवताना पाय उजव्या रडरवर (विमानाचं नाक बाजूला वळवणाऱ्या पेडलवर) दाबला गेला. पंप कोणता होता, त्याचा तिथे काही संबंध नव्हता. गॅरेजवाले, पट्टा आवळून बसा आणि डोळे मिटून कॉक फिरवून बघा.

वरचा_पंख

बादलीची चाचणी केली का कुणी? की नुसतेच हिशेब?

गॅरेजवाला

आज केली. नाक चढाईच्या कोनापेक्षा पाच अंश वर टेकवलं, विमानाला अर्थिंग, धातूची बादली (प्लास्टिकची नको, ठिणगी पडते), हँगरचं दार सताड उघडं. कार्ब्युरेटरपाशी होज सोडून नुसत्या बूस्ट पंपावर मोजलं. इंजिनाचा टेकऑफचा खप तासाला सुमारे ५० लिटर, त्याचे १२५ टक्के म्हणजे ६२.५. एक लिटर ५७ सेकंदांच्या आत पडायला हवं.

डावी टाकी: ३५ सेकंद. उजवी: ६४.

पंप तोच, होज तोच. उजवीकडची नळी खोलली. कॉकच्या आधीच्या वळणावर मीच वाकवताना ती चेपलीय, चपटी म्हणावी इतकी. वरून इन्सुलेशन गुंडाळलं होतं म्हणून दिसली नाही. ही चेप पंपाच्या आधी आहे, म्हणजे माझ्या दोन पंपांच्या बेतातही ती ओढणाऱ्याच बाजूला राहिली असती.

नळी नवीन करतोय. तोवर निर्णय: मेकॅनिकल पंप राहणार, त्यावर पत्र्याचं आवरण आणि थंड हवेची नळी. इलेक्ट्रिक एकच, कॉकशेजारी, वायर मास्टरला वळसा घालून.

जुना_फिटर

त्या वायरीला स्विच हाताशी ठेवा.

वायरमन

म्हणजे धूर आला तर बंद करता येईल असा? मग मास्टरने काय वाईट केलं होतं, काका?

जुना_फिटर

आता मेकॅनिकल आहे ना. करू दे की बंद.

वायरमन

हे तर्कशास्त्र मला मान्य नाही. पण नवी नळी लागली की उजव्या टाकीचे सेकंद इथे नक्की टाका. आणि मेकॅनिकल पंपाला तापमापक चिकटवा. जुलैच्या दुपारी धावपट्टीवर वीस मिनिटं ताटकळल्यावर तो किती तापतो ते बघू, मग बोलू.