पांगुळगाड्याचा पिवळा पट्टा: जुन्या वस्तू तपासायच्या, की उगाच धास्ती घ्यायची?

बळदातली (अंबाजोगाई)

सासरचा वाडा विकायला काढलाय. म्हणून बळद आणि त्याच्या शेजारची अंधारी खोली रिकामी केली. त्यात निघालं ते असं: पितळी भातुकली, चावीची पत्र्याची मोटार, तामचिनीची चार ताटं, कान तुटलेलं हिंडालियमचं पातेलं आणि लाल-हिरवा-पिवळा रंगवलेला लाकडी पांगुळगाडा. आडव्या दांडीवरचा पिवळा पट्टा पोपडे धरून सुटलाय.

माझा मुलगा 14 महिन्यांचा आहे. आत्याबाईंनी (नवऱ्याची आत्या) गाडा ओल्या फडक्यानं पुसला आणि लगेच अंगणात मांडला. "घरातली पाच लेकरं ह्याच्यावर चालायला शिकली." पोरगं दोन पावलं चाललं आणि त्यानं दांडीला तोंड लावलं. दांडी बरोबर त्याच्या तोंडाच्या उंचीला येते.

मी गाडा काढून घेतला. घरात अबोला झाला. जुन्या रंगात शिसं असतं एवढं ऐकून होते. इथं तपासायचं कुठं? मग सुचलं की सराफाकडं सोन्याचा कस बघायचं यंत्र असतं, तेही क्ष-किरणांचंच. ओळखीच्या सराफानं हसत हसत सगळं लावून बघितलं. भातुकलीतल्या कढईला तांबं 61, जस्त 36, शिसं 2.6 टक्के. पिवळ्या पट्ट्याला शिसं 71 टक्के! पातेल्याचे आकडे त्याला स्वतःलाच पटले नाहीत.

आता घरात दोन तट आहेत. मी म्हणते, लेकराच्या हाती जाईल ती प्रत्येक जुनी वस्तू तपासल्याशिवाय द्यायची नाही. नवरा म्हणतो, मग वाड्याच्या भिंतीही तपास. तुम्हाला काय वाटतं?

काळी माती (परभणी)

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हे शहरी खूळ आहे. आमची पिढी शिशाच्या पेट्रोलच्या धुरात वाढली. ते पेट्रोल देशातून गेलं 2000 साली. पितळेच्या तांब्यानं पाणी प्यालो, शिसं-कथलाचा डाग देऊन सांधलेल्या चरवीतलं दूध प्यालो, पोळ्याचे रंगवलेले बैल चाटले. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. काय झालं मला?

आणि दुसरं. आमच्याकडं उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी नळ येतो, अंगणवाडीतल्या निम्म्या पोरींचे डोळे पांढरे, अंगात रक्तच नाही. तिथं पांगुळगाड्याचा रंग तपासत बसायचं? आत्याबाईंचा जीव दुखावलात, ते मात्र कुठल्या यंत्रात दिसायचं नाही.

भट्टीवरचा (जालना)

ताई, मी इथं रोलिंग मिलच्या लॅबमधी हाय. भंगार वितळायच्या आधी अन् नंतर धातू तपासणं हेच काम. म्हणून त्या 71 टक्क्याबद्दल सांगतो, कारण तो आकडा खरा नाही. पण शिसं मात्र खरं आहे.

असं बघा. त्या यंत्राला सोनं, चांदी, तांबं, जस्त असल्या जड धातूंची सवय. लाकूड म्हणजे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. ते त्याला दिसतच नाही. जे दिसलं त्याचीच बेरीज ते 100 करून दाखवतं. रंगात शिसं, थोडं क्रोमियम, थोडं लोखंड दिसलं, की त्याचेच वाटे पाडले. मेळ्यात फक्त फेटेवाले मोजले अन् म्हणलं गावातले सगळे फेटा घालतात, तसं. पातेल्याचंही तेच. ॲल्युमिनियम हलकं, ते यंत्राला नीट दिसत नाही, म्हणून आकडे येड्यावानी येतात. भातुकलीचे आकडे मात्र बरेच भरवशाचे. जुन्या पितळेत कातकामाला सोपं जावं म्हणून 2-3 टक्के शिसं घालायचेच.

अजून एक खोच. यंत्र प्रत्येक धातू त्याच्या ठरलेल्या ऊर्जेच्या रेघांवरून ओळखतं. शिशाची एक रेघ अन् आर्सेनिकची एक रेघ जवळपास एकाच जागी पडते, साडेदहा किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. शिशाची दुसरी रेघ बघितल्याबिगर शिसंच म्हणू नये. पण पिवळा रंग अन् जोडीला क्रोमियम म्हणजे लेड क्रोमेटच असणार. जुना पक्का पिवळा तोच. त्यात वजनाच्या 64 टक्के शिसं असतं.

आमच्याकडचं यंत्र उपयोगाचं नाही. ते ठिणगी पाडून बघतं, त्याला धातूच लागतो, अन् तुमच्या कढईला डाग पडंल तो वेगळाच.

काळी माती

भट्टीवरचे, म्हणजे तुम्हीच म्हणता आकडा खोटा. मग ज्या यंत्राला लाकूड दिसत नाही, त्याच्या भरवशावर घरात अबोला?

भट्टीवरचा

काका, आकडा खोटा, शिसं खरं. "किती" ला ते यंत्र नापास, "आहे का" ला पास. आपल्या देशात घरगुती रंगाला शिशाची हद्द 90 पीपीएम आहे, म्हणजे किलोला 90 मिलीग्रॅम, 0.009 टक्के. नियम 2016 चा, लागू झाला नोव्हेंबर 2017 पासून. त्याच्या आधीच्या रंगाला असं बंधनच नव्हतं. ताईंचा गाडा कवाचा?

बळदातली

आत्याबाई म्हणतात 1974. सुतारानं केला, रंग आजोबांनी बाजारातनं डबा आणून घरी दिला.

तिसरी पाळी (लातूर)

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. काकांच्या "काय झालं मला" वर दोन शब्द.

शिशानं लेकरू आडवं पडत नाही, काका. पोट दुखतं, भूक लागत नाही, चिडचिड होते, शाळेत लक्ष लागत नाही. ह्यातलं एक तरी लक्षण नाही असं पोर दाखवा. म्हणून कुणी शिशाकडं बघत नाही. तुमच्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांचं रक्त तेव्हा कुणी तपासलं होतं का? 2020 साली युनिसेफच्या अहवालात होतं, जगातल्या दर 3 मुलांमागे एकाच्या रक्तात डेसीलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं. म्हणजे सुमारे 80 कोटी मुलं. त्यातली साडेसत्तावीस कोटी आपली.

आणि ॲनिमियाचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगते. अंगात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. एरवीही लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषतं. तेव्हा "आधी पाणी आणि ॲनिमिया, मग शिसं" अशी रांग लावता येत नाही. डोळे पांढरे असलेल्या पोरीलाच तो गाडा जास्त बाधणार.

काळी माती

हे पटलं, लोहाचं. माहीत नव्हतं.

पण मग सरळ पोराचं रक्तच तपासा की. एक सुई, एक आकडा. आकडा चांगला आला तर गाडा अंगणात, वाईट आला तर बाहेर. घरातली शंभर भांडी सराफाकडं कशाला हिंडवायची?

तिसरी पाळी

नाही काका. ह्याच्याशी भांडणार. म्हणजे आधी पोरानं चघळायचं, मग आपण आकडा बघायचा? लेकरू म्हणजे काय लिटमसचा कागद आहे?

रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण ते सगळं लघवीवाटे जातं असं नाही, बरंच हाडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं. तीन महिन्यांनी तपासलं आणि आकडा बरा आला, म्हणजे काही झालंच नाही असं होत नाही. आणि आलं वाईट, तर परत काढायचं औषध डेसीलिटरला 45 मायक्रोग्रॅमच्या वर असेल तरच देतात. त्याच्या खाली उपाय एकच, वस्तू बाजूला करणं.

ताई, तोंड लावून झालंय म्हणून रक्त जरूर तपासा, पण शिरेतलं द्या. बोटाला टोचून घेतलं तर हातावरच्या धुळीचं शिसं आकड्यात येतं. अमेरिकेत 3.5 च्या वर लक्ष ठेवतात. निरुपद्रवी म्हणावा असा आकडा नाहीच.

मोडवाला (नांदेड)

आमचा तीन पिढ्यांचा भांड्यांचा आणि मोडीचा धंदा. असले धागे वाचून बाया दुसऱ्या दिवशी आजीची घंगाळं, समया घेऊन दुकानात येतात, किलोवर घालतात आणि स्टील घेऊन जातात. मला फायदाच आहे, तरी सांगतो. पितळेला कल्हई असली की पितळ अन्नाला लागतच नाही. शेकडो वर्षांची रीत आहे. दोष भांड्याचा नाही, कल्हई न करणाऱ्या आळसाचा आहे.

भट्टीवरचा

दादा, अर्धं बरोबर. शुद्ध कथील असलं तर. स्वस्तात करायची म्हणून कथलात शिसं मिसळलं तर कल्हईच विष. दिसायला दोन्ही चांदीसारखंच. तुमच्या दुकानात कथलाची कांडी तपासता का?

मोडवाला

वजनावरून आणि वाकवल्यावर येणाऱ्या आवाजावरून कळतं. कथील कुरकुरतं, शिसं गप वाकतं. मिसळलेलं असलं तर मात्र छातीठोक सांगू शकत नाही. हे मान्य.

पण माझा प्रश्न राहिलाच. तपासलं, शिसं निघालं, बाईनं मोडीत घातलं. पुढं? ते वितळतं आणि नवी भातुकली होऊन जत्रेत येतं. तुमच्या घरातलं शिसं गेलं, दुसऱ्याच्या घरी गेलं. हिंडालियमचंही तसंच, भंगारातलंच ॲल्युमिनियम आणि त्यात काय काय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ऑगस्ट 2025 मध्ये असल्या आयात भांड्यांवर इशारा काढला तेव्हा आमच्या गल्लीत हशा झाला होता. मला हसू आलं नाही.

सुपारी (बीड)

एवढा खटाटोप कशाला! लाकडी गाडा बंबात घाला, पाणी तरी तापेल. प्रश्न मिटला.

तिसरी पाळी

अरे देवा, नको! रंग जळला की शिसं धुरात आणि राखेत. आणि तुमच्या घरी बंबाची राख कुठं जाते, आठवा. भांडी घासायला.

सुपारी

…हे डोक्यातच आलं नव्हतं. शब्द मागं घेतो.

काळी माती

एक विचारतो, खवचटपणानं नाही. देवघरातला शेंदूर तपासला का कुणी? मारुतीला दर शनिवारी तेल-शेंदूर, त्याच हातानं पोराला प्रसाद. जुना शेंदूर म्हणजे लेड टेट्रॉक्साइड हे रसायनवाल्या गुरुजींनी सांगितलं होतं, तेव्हा मनावर घेतलं नाही. आज आठवलं.

भट्टीवरचा

काका, तुम्ही तर सगळ्यांच्या पुढं निघालात. खरा शेंदूर असला तर वजनाच्या 90 टक्के शिसं. पांगुळगाडा त्याच्यापुढं काहीच नाही.

काळी माती

म्हणून तर म्हणतो, सरसकट तपासणीच्या विरोधात मी अजूनही आहे. समई तपासून काय करणार, समई कुणी चाटत नाही. जे तोंडात जातं, ज्यात आंबट शिजतं, जे हाताला लागून येतं, तेवढं बघा. बाकी ताटं भिंतीवर टांगा.

बळदातली

काका, तुमचं "तेवढं" आणि माझं "सगळं" ह्यात आता फारसं अंतर राहिलं नाही. तरी एका जागी अडते. कुठली वस्तू तोंडात जाईल हे तुम्ही ठरवणार, की माझं 14 महिन्यांचं पोर? कालच त्यानं समईचं बूड चाटलं.

काळी माती

हार मानत नाही, पण हसलो.

बळदातली

झालं ते कळवते. रक्त शिरेतलं दिलं, नमुना बाहेर पाठवलाय. पिवळा रंग चिमूटभर खरवडून (ओला करून, तोंडाला फडकं बांधून, मूल घरात नसताना) एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेकडं धाडला. तिथल्या बाईंनी विचारलं, एकूण शिसं मोजायचं की झिरपणारं? खेळण्यांच्या आपल्या मानकात, आयएस 9873 मध्ये, पोटातल्यासारख्या आम्लात किती सुटतं ते बघतात, शिशासकट आठ धातूंचं. रंगाची 90 ची हद्द मात्र एकूण शिशाची. दोन्ही करायला सांगितलं. मोटारीचं अजून ठरत नाही. भातुकली फडताळात वर गेली, कारण पोरी त्यात खरीखुरी चिंच कालवतात.

गाडा जुन्या चादरीत गुंडाळत होते, तर आत्याबाई जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, थांब, बघू दे. दांडी डोळ्यांजवळ नेली. पिवळ्या पट्ट्यात दातांचे बारीक ठसे आहेत, दोन-दोनच्या जोडीनं, रंग जाऊन खालचं लाकूड दिसतंय. त्यावर बोट फिरवत त्या मोजू लागल्या. हा थोरल्याचा, त्याचे पुढचे दात फाकलेले होते. हा तुझ्या नवऱ्याचा असणार. मग बोट थांबलं.

"अगं, पण रंग इथला गेला कुठं?"

चादर त्यांनीच बांधली. गाठ दोनदा मारली.